नळीतलं जेवण

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून नऊ दिवसांत आजोबांनी कुणालाच ओळखलं नव्हतं. ते पुन्हा माणसात येतील की नाही, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते. सिस्टरने पलंगाची डोक्याकडची बाजू वर घेतली, नळीवरची खूण नाकाशी जुळतेय ना ते पाहिलं, सिरिंजने पोटातलं थोडं ओढून खात्री केली आणि आजींनी घरून आणलेलं पातळ जेवण सावकाश नळीतून सोडलं.

अर्ध्यावर आजोबांची बोटं हलली. सिस्टरने घाईघाईने बोटांत पेन दिलं, खाली कागद धरला. आजोबांनी लिहिलं, ‘मीठ कमी.’

सिस्टर चक्रावली. "अहो आजोबा, नळी नाकातून थेट पोटात गेलीय! जिभेला थेंबसुद्धा लागत नाही. तुम्हाला चव कळली कुठून?"

आजींनी कागद ओढून घेतला, दोनदा वाचला आणि पदर डोळ्यांना लावला.

"ओळखलं हो मला! अगं सिस्टर, लग्नाला पन्नास वर्षं झाली, चव घेऊन बोललेत कधी?"