ऋचाचे छंद

“हमारी ऋचा को छंद बहुत हैं, मैडम. बचपन से,” असं म्हणून नरहरांनी फुगलेली फाइल टेबलावर सरकवली.

त्यांना आपलं म्हणायचं होतं, की पोरीला नाच, पोहणं, गाणं, सगळ्याचा नाद आहे. लखनौत येऊन चार वर्षं झाली होती, बँकेपुरती हिंदी जमायला लागली होती, पण घरचे शब्द असे मध्येच टपकायचे. शेजारी बसलेल्या ऋचाने डोळे मिटून घेतले. इकडे छंद म्हणजे कवितेचं वृत्त, दोहा-चौपाई वगैरे, हे तिला ठाऊक होतं.

निगम मॅडमचा चेहरा मात्र उजळला. सकाळपासून बिचाऱ्या प्रवेशाच्या मुलाखती घेत होत्या, आणि जूनच्या त्या उकाड्यात कूलर नुसता आवाज करत होता.

“छंद? आजकल के बच्चों में? वाह!”

“जी. सात-आठ तो होंगे,” नरहर अभिमानाने म्हणाले.

घोडं अडलं होतं दोन मार्कांवर. इंटरला, म्हणजे बारावीला, ऋचाला कटऑफपेक्षा दोन मार्क कमी पडले होते, आणि कॉलेज तर तिलाही हेच हवं होतं. अभ्यासाशिवाय आणखी काही केलेलं असलं, तर इथे पाचांपर्यंत मार्क वाढवून मिळत. त्या पाचांसाठी बापलेकीने काय काय केलं, म्हणून सांगू! क्लास सुटला की टेम्पो, म्हणजे इकडची शेअर रिक्षा, टेम्पोतून उतरलं की दुसरा क्लास. बँक सुटली की नरहर तिचा डबा घेऊन क्लासबाहेरच्या बाकावर जाऊन बसायचे. पोरगी दमायची, तेही दमायचे, आणि दोघंही एकमेकांना तसं म्हणून दाखवायचे नाहीत.

मॅडमनी फाइल चाळली, चष्मा काढला. “भाईसाहब, ये सर्टिफिकेट तो सब मोहल्ले की क्लासों के हैं. नियम में ज़िला स्तर लिखा है. इन पर नंबर नहीं मिल पाएँगे.”

“एक पर भी नहीं?”

“एक पर भी नहीं.”

नरहर फाइलकडे बघत राहिले. एवढी उस्तवार केली ती पाण्यात गेली, आणि तिथे बसून रडायचीही सोय नव्हती.

मॅडमनाही वाईट वाटलं असावं. त्या ऋचाकडे वळल्या. “बेटा, आप अपना कोई छंद तो सुनाइए.”

आता नरहर पुरते गोंधळले. पोहणं कसं ऐकवायचं? त्यांनी लेकीकडे पाहिलं. बाबांचा शब्द चुकला, एवढंच तिने सांगायचं होतं. तिने तोंड उघडलंही. पण बाहेर पडलं ते भलतंच.

“कथक सोम को, तैरना मंगल, बुध को गान.
कोई दिन खाली मिले, सो लूँ चादर तान.”

मॅडम खळखळून हसल्या. “अरे, मात्राएँ भी ठीक बैठी हैं! किसने सिखाया?”

“किसी ने नहीं,” ऋचा म्हणाली. “टेम्पो में बैठे-बैठे बन जाते हैं.”

नरहर हसले नाहीत. एवढी हिंदी त्यांना कळत होती. एखादा दिवस रिकामा मिळाला तर पांघरूण ओढून झोपेन, असं पोरगी म्हणाली होती, आणि तेही परक्या बाईला. त्यांना आतून फार लागलं.

“अगले महीने ज़िले की काव्य प्रतियोगिता है,” मॅडम सांगत होत्या. “इसे भेजिए. नाम आ गया तो दूसरी लिस्ट में सीट पक्की समझिए.”

बाहेर येऊन टेम्पोत बसेपर्यंत नरहरांच्या अंगात पुन्हा जीव आला. “अगं, मग आधी नाही का सांगायचं! असं करू, बुधवारचं गाणं बंद. त्या जागी दोह्यांचा क्लास लावू. अमीनाबादेत कुणीतरी शिकवत असेलच. आज सोमवार, तुझं कथक झालं की जाऊन चौकशी करतो.”

“बाबा,” ऋचा म्हणाली. ती मराठी ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. “ये वाला रहने दीजिए ना.”

“आणि सीट? नको का तुला?”

“चाहिए.” तिने घुंगरांची पिशवी मांडीवर ओढून घेतली. “पर इसका भी क्लास लग गया, तो मैं टेम्पो में क्या करूँगी?”

बाहेरून लू आत येत होती, गरम, धुळीने भरलेली. बघता बघता झोपेने तिचं डोकं नरहरांच्या खांद्यावर कललं. मांडीवरची घुंगरांची पिशवी घसरायला लागली, ती त्यांनी अलगद स्वतःकडे घेतली.

अलीगंजला टेम्पो थांबला. समोरच कथकचा क्लास होता, वरच्या खिडकीतून तबला ऐकू येत होता.

“बाबूजी, आपका स्टॉप,” ड्रायव्हरने मागे वळून सांगितलं.

घुंगरं वाजू नयेत म्हणून नरहरांनी पिशवी पोटाशी घट्ट धरली.

“आगे चलो,” ते हळूच म्हणाले. “आज सोमवार नहीं है.”