समोरचे काका

शहराबाहेर मॉल झाला आणि जुन्या बाजारपेठेतलं एकेक दुकान बंद पडत गेलं. शेवटी चपला-बुटांची दोनच दुकानं उरली, तीही समोरासमोर. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवण्यात दोन्ही मालकांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. बोलणं तर केव्हाच बंद होतं.

एकानं कंटाळून आवराआवर सुरू केली. तो माल बांधत असतानाच एक बाई मुलीला घेऊन आत आली.

"शाळेचे बूट द्या. समोरचे काका म्हणाले, तुमच्याकडेच चांगले मिळतात."

दुसऱ्या दिवशी आणखी दोघं तसंच सांगत आले. शेवटी न राहवून तो रस्ता ओलांडून गेला. समोरच्या दुकानात शाळेच्या बुटांची खोकी पार छताला टेकली होती.

"एवढा माल असताना गिऱ्हाईक माझ्याकडे का पाठवतोस?"

"एकट्या दुकानाला कुणी बाजार म्हणत नाही," समोरचा मान वर न करताच म्हणाला. "तू थांब. बाकीचे येतील."

काही महिन्यांनी कोपऱ्यावरचं गंजलेलं शटर वर गेलं. बेकरी टाकायला आलेल्या मुलीनं बिचकतच दोघांना विचारलं, "इथं धंदा चालतो ना हो?"

दोघं एकदमच म्हणाले, "पळतो!"