जुन्या गाडीची च्यक च्यक

“सूनबाई, भाजी लई झ्याक झाली!” आबा, माझे सासरे, म्हणायचे, आणि मग दाढेत अडकलेली सुपारी जिभेनं ओढत बसायचे. च्यक, च्यक. माझा घास तोंडातच फिरायचा.

ते गेले, आणि मागं राहिलेली त्यांची जुनी गाडी तसाच आवाज करू लागली. हा आवाज गेला नाही तर गाडी विकायची, असं मी नवऱ्याला, गोकुळला, बजावलं, म्हणून आज आम्ही चिकलठाण्याच्या गॅरेजात आलो.

“सायलेन्सर लीक है, भाभी,” मुश्ताकभाई म्हणाले. इंजिन चालू ठेवून त्यांनी पाइपाच्या जोडावर साबणाचा फेस लावला. “हवा जिधर से निकलेगी, उधर बुडबुडे आयेंगे.”

बुडबुडे आले नाहीत. फेस हळूहळू आतच ओढला गेला. च्यक, च्यक. गाय वासराला चाटते तशा मायेनं आतून कुणीतरी तो जोड चाटून लखलखीत केला. मग तिथून तांबूस, तार धरणारी लाळ खाली ठिबकली.

मुश्ताकभाईंनी ती फडक्यानं पुसली, वास घेतला आणि फडकं लांब फेकलं. “ये तेल नहीं है.”

वास माझ्यापर्यंत आला. रात्रभर मिटलेल्या तोंडाचा, उष्टा, कोमट. मी पदर नाकाशी धरला.

“विकून टाक, गोकुळ. आजच.”

“नाय विकता येणार,” गोकुळ खाली मान घालून म्हणाला. “रोज सकाळी सायलेन्सरात मीच सुपारी घालतो, मोना. नाय घातली, त्या दिवशी आबा घरात येतात.”