तिसरा पुकारा

“घोलपबाई, आज पुकारा दुसऱ्याला करू द्या,” न्यायाधीश म्हणाले. “आरोपी आला नाही, तर तुमचा आवाज जप्त होईल.”

“पुकारा माझं काम आहे, साहेब.”

पैशांचे जामीन केव्हाच बंद झाले होते. शेजारच्या वेल्डर नितीनसाठी कोर्टाच्या शिपाई इंदू घोलप यांनी आपला आवाज तारण ठेवला होता. आवाज तारण असल्याची खूण म्हणून कोर्टाने गळ्यावर बांधलेल्या पट्टीचा दिवा हिरवा होता.

“नितीन खरात, हाजिर हो.”

कुणी आलं नाही. दुसऱ्या पुकाऱ्याला दिवा लाल झाला; तिसऱ्यालाही तो आला नाही, तर आवाज जाणार होता. तिसरा त्यांनी सगळ्या इमारतीत घुमेल असा दिला.

नितीन धापा टाकत आला. “खोली बदलल्याचं माहीत नव्हतं, मावशी. खाली शोधत होतो. तुमच्या आवाजाच्या रोखाने वर आलो.”

तारण सुटलं, दिवा विझला. इंदूबाईंनी मान ताठ केली आणि त्याच आवाजात पुढचं नाव पुकारलं.