अर्धी विंडो

नवऱ्याने, प्रितमने, माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिलं आणि वॉलपेपरला आमचा खडवलीच्या नदीवरचा फोटो लावला. तेव्हापासून लॅपटॉप लावला की माझी टायपिंगची विंडो आपोआप उघडते, तीही अर्धीच. फोटोतली मी बरोबर झाकली जाते, नवरा तेवढा दिसत राहतो.

रोज मी ती ताणून मोठी करते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच.

आज वैतागून त्याच्या माजिवड्याच्या ऑफिसात फोन लावला.

"अगं, बंद करताना जेवढी असते, तेवढीच उघडते ती."

"मी मोठी करूनच बंद करते रे!"

"मग राहू दे ना तशीच. हलवू नकोस."

मी विंडो बाजूला ओढली.

नदी तीच होती, साडीही माझीच. प्रितमने जिच्या खांद्यावर हात ठेवला होता, ती मी नव्हते.