झाकलेलं चित्र

"प्रत्येक मुलाला पुस्तकात आपलं घर दिसलं पाहिजे," असं प्रशिक्षणात ऐकल्यापासून बाईंनी वाचनालय पालथं घातलं होतं. अखेर सुऱ्यांना धार लावणाऱ्याच्या मुलीची गोष्ट सापडली. वर्गातल्या नव्या मुलीचे वडील तेच काम करत. ते फक्त बाईंना ठाऊक होतं. "वाच गं, तुझ्याच घरची गोष्ट आहे!" बाईंनी कौतुकाने तिला उभं केलं. सगळ्या माना वळल्या. मागच्या बाकावरून कोणीतरी सुरी घासल्याचा खर्रर्र आवाज काढला आणि वर्ग खदखदून हसला. बाई ओरडल्या, पण ओरडून काय उपयोग! मुलगी वाचत राहिली, चाकापाशी बसलेल्या बापाच्या चित्रावर तळहात दाबून. तास संपल्यावर तिने पुस्तक परत दिलं. चित्रावर घामाचा ओला पंजा उमटला होता. बाईंना मान वर करवेना. "गोष्ट छान आहे, बाई. उद्या दुसऱ्या कोणाच्या बाबांची घ्याल?"