एकच मोजा

जुन्या कबरस्तानात रात्री लोकांना फिरवून गोष्टी सांगायच्या, हा नवऱ्याचा धंदा. शेवटच्या गोष्टीला म्हणे दगडालाही पाझर फुटायचा. बायकोला मात्र तो म्हणायचा, "तू नको येऊस गं, घाबरशील." एकदा त्याला न सांगताच ती तिकीट काढून घोळक्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

एका इवल्याशा, बिननावाच्या कबरीपाशी तो थांबला. "हिच्यात एक तान्हं बाळ आहे. आईचा एकच मोजा विणून झाला होता, तेवढ्यात ते गेलं. तो मोजा ती जन्मभर उशीच्या अभ्र्यात लपवून झोपली."

बायकोच्या पायाखालची जमीन सरकली. मोजा घरी, तिच्या अभ्र्यात होता. नवऱ्याखेरीज तिनं या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं.

"ती आई अजून येते," त्यानं आवाज खाली आणला. "अशीच मागे येऊन उभी राहते."

सगळ्यांनी वळून टॉर्च मारले. उजेडात ती रडत उभी होती.

"बाई काय झकास उभी केलीय हो," कुणीतरी म्हणालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

 

नवऱ्यानं तिला ओळखलं, क्षणभर घुटमळला, आणि कमरेत वाकून त्या टाळ्या घेतल्या.